उन्हाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲना मणी

जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर विद्युतनिर्मितीची स्थापित क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. या घटनेचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. सौर फलकांच्या किमती, सरकारी अनुदान, जमिनीचे संपादन, विजेचा दर यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले जाते. तथापि या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी असलेला एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमुक एका माळावर वर्षाकाठी किती ऊन पडते, हे आपल्याला कोणी सांगितले? प्रकल्प उभारणारा पंचवीस वर्षांचा करार करतो, बँक त्याला दीर्घ मुदतीचे कर्ज देते. कागदोपत्री तारण काहीही असो, हे कर्ज खऱ्या अर्थाने उन्हाच्या तारणावर दिलेले असते. मग त्या तारणाचे मूल्यमापन कोणी व कसे केले?

या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास भारतापुरते तरी एक नाव पुनःपुन्हा समोर येते. ते नाव ॲना मणी यांचे. भारतीय हवामानशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान सर्वमान्य आहे. परंतु त्यांची कीर्ती बहुधा ‘पहिल्या काही स्त्री-शास्त्रज्ञांपैकी एक’ एवढ्या एका वाक्यात संपते. त्यांनी नेमके काय केले आणि त्याचे आर्थिक मोल काय, हे सांगितले जात नाही. त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ पुण्यात गेला, हेही महाराष्ट्रातील सुशिक्षितांपैकी किती जणांस ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

पुस्तकांचा हट्ट

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. घराणे सुखवस्तू सीरियन ख्रिस्ती. वडील स्थापत्य अभियंता आणि वेलदोड्यांच्या मळ्यांचे मालक होते. आठ भावंडांत ॲना सातव्या. त्या घराण्यात मुलग्यांनी उच्च पदांवर जावे आणि मुलींनी चांगल्या घरी पडावे, अशी रीत होती. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांची कर्णभूषणे देण्याची प्रथाही होती. या मुलीने ती नाकारली आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. त्या वयापर्यंत गावच्या ग्रंथालयातील मल्याळम पुस्तके तिने बहुतेक वाचून काढली होती.

१९२५ साली वायकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्रावणकोरात आले. मंदिराजवळचे रस्ते सर्व जातींना खुले व्हावेत यासाठी चाललेल्या त्या लढ्याचा संस्कार या लहान मुलीवर झाला आणि तिने खादी जवळ केली. स्वदेशीचा हा संस्कार पुढे त्यांच्या शास्त्रीय कामातही कसा उतरला, ते आपण पाहणारच आहोत.

हुकलेली पदवी

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली भौतिकी व रसायन या विषयांत ऑनर्स पदवी घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या १९४० साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे व माणके यांच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास हा त्यांचा विषय होता. एकेका वर्णपटाच्या छायाचित्रणासाठी पंधरा-वीस तास लागत आणि त्या पुष्कळदा प्रयोगशाळेतच रात्र काढीत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकट्याच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठविला.

विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्यांच्याजवळ एम. एस्‌सी. ही पदवी नाही, एवढेच कारण देण्यात आले. ऑनर्स पदवी आणि पाच प्रसिद्ध निबंध ही पात्रता नियमात बसली नाही. तो प्रबंध आजही बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. महाविद्यालयीन क्षेत्रात वावरणाऱ्या माणसास ही हकिगत वाचून वाईट वाटले, तरी नवल वाटणार नाही. नियमाचे पालन आणि गुणवत्तेची पारख या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपली विद्यापीठे अजूनही पुष्कळ वेळा विसरतात. ॲना मणी यांनी मात्र या अन्यायाचे भांडवल केले नाही. पदवीवाचून आपले काही अडले नाही, अशीच त्यांची वृत्ती अखेरपर्यंत राहिली.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. भौतिकीचे उच्च शिक्षण घ्यावे हा त्यांचा हेतू होता. परंतु उपलब्ध जागा होती ती हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणाची. हिऱ्यांच्या अभ्यासापुढे पर्जन्यमापक व तापमापक ही उपकरणे कोणालाही रुक्षच वाटली असती. त्यांनी ती जागा पत्करली, आणि या तडजोडीतूनच त्यांचे खरे जीवितकार्य उभे राहिले.

सिमला ऑफिसातील कारखाना

१९४८ साली त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला हलविण्यात आले होते. पुढे ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. पुण्यात उपकरण विभागाचे काम एस. पी. वेंकटेश्वरन पाहत होते. साधे तापमापक व वायुभारमापक देखील परदेशातून आणण्याचे ते दिवस होते. ही उपकरणे येथेच बनली पाहिजेत, या जिद्दीने वेंकटेश्वरन यांनी कार्यशाळा उभारली होती आणि ॲना मणी त्या कामात मनापासून सहभागी झाल्या. १९५३ पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. सुमारे शंभर प्रकारच्या उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि त्यांचे उत्पादन सुरू केले.

येथे बालपणीच्या खादीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु स्वदेशी म्हणून ढिलाई चालवून घेणे त्यांना मान्य नव्हते. चुकीचे मोजमाप हे मुळीच मोजमाप नसण्यापेक्षा अधिक घातक, असे त्या मानीत. मोजमाप नसेल तर माणूस निदान सावधपणे अंदाज बांधतो. चुकीचा आकडा हाती असेल तर तो निर्धास्तपणे खड्ड्यात जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तर हे तत्त्व भिंतीवर लिहून ठेवावे.

ऊन मोजायचे कसे?

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळण्यात आला. त्या निमित्ताने ॲना मणी यांनी भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सौर प्रारण म्हणजे सूर्याकडून प्रकाश व उष्णता यांच्या रूपाने येणारी ऊर्जा. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्याकडे सरळ तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर ती सुमारे १,३६१ वॅट इतकी असते. वातावरणातून येताना तिचा काही भाग शोषला जातो आणि काही भाग ढग, धूळ व बाष्प यांमुळे इतस्ततः विखुरतो. म्हणून जमिनीवर ऊर्जा दोन वाटांनी पोहोचते. एक थेट सूर्यबिंबाकडून आणि दुसरी सर्व आकाशातून विखुरलेली. कोकणातील आषाढात सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही, तरी दिवस उजाडतोच, तो या विखुरलेल्या प्रकाशामुळे.

फार पूर्वीपासून वेधशाळांत काचेचा एक भरीव गोळा ठेवलेला असे. तो सूर्यकिरण एकवटून खालची कागदी पट्टी जाळी आणि जळालेल्या रेघेच्या लांबीवरून ऊन किती तास होते ते कळे. ऊन किती तास होते हे कळणे निराळे आणि त्यातून किती ऊर्जा आली हे कळणे निराळे. दुसऱ्या कामासाठी काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग असलेले प्रारणमापक लागते. पृष्ठभाग तापला की उष्णतेच्या फरकातून सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि तो नोंदला जातो. सुरुवातीला ही उपकरणे परदेशी होती. लवकरच त्यांची रचना व निर्मिती ॲना मणी यांनी येथेच सुरू केली.

हे सारे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात घुमटावर धूळ बसते, काळा रंग वर्षानुवर्षे उन्हात फिका पडतो आणि उपकरण हळूहळू कमी दाखवू लागते. म्हणून प्रत्येक उपकरण ठराविक काळाने प्रमाण उपकरणाशी ताडून पाहावे लागते, आणि ते प्रमाण उपकरण त्याहून श्रेष्ठ उपकरणाशी. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे १९५९ पासून साधारणतः दर पाच वर्षांनी देशोदेशींची प्रमाण उपकरणे एकत्र आणून अशी तुलना केली जाते. सराफाच्या काट्याला जसे प्रमाणित वजन लागते, तसेच हे आहे. ॲना मणी यांची खरी थोरवी या नीरस, न संपणाऱ्या ताडाताडीच्या शिस्तीत आहे.

त्यांचे काम उन्हापुरते मर्यादित नव्हते. वातावरणातील ओझोन मोजण्याचे भारतीय उपकरण त्यांच्या विभागात तयार झाले आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर त्यांची निवड झाली. १९६३ साली विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर त्यांनी हवामानशास्त्रीय वेधशाळा उभारली. १९६९ साली त्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीस गेल्या आणि १९७६ साली निवृत्त झाल्या.

मागणीपूर्वीचा पुरवठा

आता एका कालक्रमाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट १९५४ साली तयार झाला. १९५७ साली भारतात सौर विजेला बाजार नव्हता आणि कोणी उद्योगपती उन्हाचे आकडे मागायला वेधशाळेत आला नव्हता. हवामानशास्त्र व शेतीशास्त्र यांच्या गरजेपोटी आणि ज्ञानाच्या निष्ठेपोटी ही मोजणी सुरू झाली. पुढे १९७३–७४ साली खनिज तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या आणि साऱ्या जगाला सूर्याची आठवण झाली. सौर ऊर्जेचे गणित मांडू पाहणाऱ्या अभियंत्यांना आकडे हवे होते, तेही एका दिवसाचे नव्हेत, तर दहा-पंधरा वर्षांचे. ते आकडे भारतापाशी होते, कारण कोणीतरी ते दीड दशकापूर्वीपासून जमा करून ठेवले होते.

निवृत्तीनंतर रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक असताना ॲना मणी यांनी ही संपत्ती वापरण्याजोगी करण्याचे काम हाती घेतले. १९८० साली भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा संदर्भग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ एस. रंगराजन यांच्या सहकार्याने दुसरा. जेथे प्रारणमापक नव्हते, तेथे काय करायचे? स्वीडिश शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी १९२४ साली ऊन पडण्याचे तास आणि मिळणारी ऊर्जा यांतील सरळ संबंध मांडला होता. ज्या केंद्रांवर दोन्ही मोजले जाते तेथील अनुभवावरून हा संबंध निश्चित करायचा आणि काचेचा गोळा असलेल्या इतर ठिकाणी तो लावायचा, असा हा मार्ग आहे. सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांना हे प्रतिगमनाचे उदाहरण म्हणून सहज ओळखू येईल.

यानंतर वयाची साठी उलटल्यावर त्यांनी वाऱ्याकडे मोर्चा वळविला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या बंगलोर येथील शाखेतून देशभर सातशेहून अधिक ठिकाणी वाऱ्याचे मोजमाप झाले. पवनचक्क्या कोठे उभाराव्यात याचे पुढील निर्णय या पाहणीच्या आधारानेच घेता आले. वारा व ऊन मोजणारी उपकरणे बनविणारा लहानसा कारखानाही त्यांनी बंगलोरात काढला.

बारा महिन्यांचे जोडवर्ष

आज सौर प्रकल्पाची आखणी संगणकावर होते. प्रकल्प प्रत्यक्ष उभारण्यापूर्वी त्याचे गणिती प्रतिरूप तयार करून ते वर्षभर ‘चालवून’ पाहतात. वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला थेट ऊन किती, विखुरलेले किती, हवेचे तापमान व वाऱ्याचा वेग किती, हे संगणकाला पुरवावे लागते. तापमानाची गरज अशासाठी, की सिलिकॉनचा फलक जितका तापेल तितकी त्याची वीज घटते. साधारणतः दर अंशाला ०.४ टक्के इतकी ही घट असते. फलकाची नामांकित क्षमता २५ अंशांना धरलेली असते. विदर्भातील मे महिन्यात तोच फलक ६० अंशांपर्यंत तापला, तर सुमारे १४ टक्के वीज केवळ उष्णतेपायी जाते.

हे ८,७६० तास कोणत्या वर्षाचे घ्यायचे? एखादे वर्ष अवर्षणाचे, एखादे अतिवृष्टीचे. म्हणून अनेक वर्षांच्या नोंदींतून प्रत्येक महिन्यासाठी दीर्घकालीन सरासरीच्या सर्वांत जवळचा महिना निवडतात. जानेवारी एका वर्षाचा, फेब्रुवारी दुसऱ्या वर्षाचा, असे बारा महिने जोडून एक प्रातिनिधिक वर्ष बनते. अमेरिकेत अशी वर्षे १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. आज ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. आता उपग्रहांवरून ढगांची छायाचित्रे घेऊन कोणत्याही गावाच्या उन्हाचा अंदाज बांधता येतो. परंतु उपग्रह जमिनीवरचे ऊन प्रत्यक्ष मोजीत नाही. त्याने काढलेला अंदाज खरा की खोटा, हे जमिनीवरील प्रारणमापकच सांगते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? संगणक कितीही वेगवान असला, तरी त्याला पुरविलेल्या आकड्यांहून तो अधिक खरे बोलू शकत नाही.

पाच टक्क्यांची चूक

हा सारा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका प्रकल्पाचे अपेक्षित वार्षिक उत्पन्न १०० रुपये आहे. देखभालीस १० रुपये आणि कर्जाच्या हप्त्यास ७५ रुपये लागतात, म्हणजे मालकाकडे १५ रुपये उरतात. उन्हाचा अंदाज केवळ पाच टक्क्यांनी चढा निघाला, तर उत्पन्न ९५ रुपये होईल. देखभाल व हप्ता कमी होणार नाही, त्यामुळे उरतील फक्त १० रुपये. उन्हातील पाच टक्क्यांची चूक नफ्याचा तिसरा हिस्सा खाऊन टाकते. आणि चूक पंधरा टक्क्यांची असेल तर बँकेचा हप्ता भरून हाती काहीच उरत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. राष्ट्रीय सौर अभियान २०१० साली सुरू झाल्यावर आरशांनी ऊन एकवटून वाफेवर वीज निर्माण करणारे ४७० मेगावॅटचे सात प्रकल्प मंजूर झाले. अशा प्रकल्पांना विखुरलेला प्रकाश चालत नाही, थेट ऊनच लागते. पुढे त्यांतील मोजकेच पूर्ण झाले. कारणे अनेक होती. त्यांपैकी एक असे, की उपग्रहाच्या अंदाजात दिसलेले थेट ऊन जमिनीवर मोजल्यावर कमी भरले. हवेतील धूळ व धुरके यांचा हिशेब अंदाजात पुरता आला नव्हता. २०११ साली चेन्नई येथील केंद्रीय संस्थेमार्फत ५१ नवी प्रारणमापन केंद्रे उभारण्यात आली, ती ही उणीव भरून काढण्यासाठीच.

दीर्घकालीन नोंदींचा आणखी एक लाभ आहे. पुण्यातील संशोधकांनी २००७ साली बारा केंद्रांच्या १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासल्या आणि भारतात जमिनीवर पोहोचणारे ऊन या काळात घटत गेल्याचे दाखवून दिले. ज्या देशाने नोंदच ठेवली नाही, त्याला असा बदल कधीच कळला नसता.

ठेव कोणाची?

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची एक व्याख्या शिकविली जाते. एकाने वापरल्याने जी दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि जिच्या वापरापासून कोणास वगळणे योग्य वा शक्य नसते, ती सार्वजनिक वस्तू. अशी वस्तू बाजार आपण होऊन पुरेशी निर्माण करीत नाही, कारण खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा होतो. उन्हाची नोंद ही अशीच वस्तू आहे. शिवाय ती पैसे टाकून हव्या त्या दिवशी विकत घेता येत नाही. वीस वर्षांची नोंद मिळवायला वीस वर्षेच लागतात. आज ज्या केंद्रावर घुमट पुसला गेला नाही, उपकरण ताडून पाहिले गेले नाही किंवा निरीक्षकाची जागा रिकामी ठेवली गेली, तेथील आजचा दिवस कायमचा गेला. अर्थसंकल्पात काटकसर करायची झाली की अशाच खर्चावर प्रथम कुऱ्हाड चालते, कारण त्याने होणारी हानी त्या वर्षी दिसत नाही. ती दोन दशकांनी दिसते आणि तेव्हा तिचा दोष कोणाच्याच माथी येत नाही.

म्हणूनच प्रारणमापन केंद्रांची देखभाल, उपकरणांचे नियमित प्रमाणीकरण आणि जमलेली आकडेवारी अभ्यासकांस व विद्यार्थ्यांस सुलभपणे मिळणे, या तीन गोष्टींवरील खर्च हा भांडवली खर्च समजला पाहिजे. हजारो कोटींच्या प्रकल्पांच्या तुलनेत ही रक्कम अगदीच किरकोळ आहे.

ॲना मणी अविवाहित राहिल्या आणि सारे आयुष्य त्यांनी या कामाला वाहिले. १९८७ साली त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळाले. १९९४ साली पक्षाघाताने त्या अंथरुणाला खिळल्या आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत भारतात सौर वीज ही नगण्यच होती. आज घरोघरी छपरांवर फलक दिसतात. ते किती वीज देतील याचा अंदाज ज्या आकड्यांच्या परंपरेवर उभा आहे, तिचा पाया डॉक्टरेट नाकारल्या गेलेल्या या विदुषीने पुण्याच्या कार्यशाळेत घातला. त्या परंपरेतील आजची नोंद आजच झाली पाहिजे, एवढे भान शासनाने आणि आपण सर्वांनी राखावे.